पाण्यावरचं पाण्यावर

मांजरीच्या आमच्या सोसायटीत नदीकडच्या फ्लॅटला जादा भाव आहे, कारण तिकडून नदी दिसते. माझ्या मुलाने तो जादा भाव मोजून अकराव्या मजल्यावर घर घेतलं आणि पहिल्याच दिवशी मला गॅलरीत नेऊन म्हणाला, "आई, बघ, रिव्हर व्ह्यू." मी बघितलं. खाली जलपर्णीची हिरवी सतरंजी अंथरली होती आणि तिच्यावर दोन बगळे चालत निघाले होते. बगळे हल्ली आमच्या नदीवरून चालत जातात, उडायची त्यांना गरज उरलेली नाही. वासही वरपर्यंत येत होता, त्याचे मात्र बिल्डरने वेगळे पैसे लावले नव्हते. मी "छान" म्हणाले. पुण्यात एवढं आयुष्य काढल्यावर 'छान' हा शब्द कुठे वापरायचा हे माणसाला कळतं. मुलाला कसं सांगणार, की बाबा रे, जी नदी तू मला दाखवतो आहेस तिच्यावर माझ्या बापाचं राज्य होतं. म्हणजे तराफा होता. आम्हाला त्यातला फरक तेव्हा माहीत नव्हता.

तराफा म्हणजे दोन रुंद नावा शेजारी शेजारी जखडून त्यांवर घातलेलं फळ्यांचं अंगण. अलीकडच्या चिंचेपासून पलीकडच्या खांबापर्यंत नदीवरून एक लोखंडी तार ओढलेली होती. माझे वडील, म्हणजे बापू, आणि त्यांचा धाकटा भाऊ दगडूकाका, दोघे ती तार हातांनी मागे खेचत आणि तराफा पुढे जाई. त्यावर माणसं, सायकली, मंडईला जाणाऱ्या भाजीच्या पाट्या, बैलांसकट बैलगाडी आणि अधूनमधून एखादी मोटार, असं सगळं गुण्यागोविंदाने पार होई. नगर रस्त्याकडून सोलापूर रस्त्याकडे यायचं तर एरवी येरवड्याच्या पुलावरून पुण्यात शिरून भला मोठा वळसा पडे. शहाणी माणसं आमच्याकडे येत, अतिशहाणी वळसा घालत. मोटार असली की तार बापूंच्याच हातात, दगडूकाकाने मागे बांबू धरून गप्प उभं राहायचं, हा नियम. चाकांना दगड लावायचे, आतल्या माणसांनी खाली उतरून बापू सांगतील तिथे उभं राहायचं, मग तो मामलेदार का असेना. आणि तराफा कधी वळत नसे. मोटार ज्या तोंडाने चढे त्याच तोंडाने समोरच्या काठावर उतरे. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पलीकडच्या काठावर लिंबाच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. पार व्हायचं असेल त्याने तो दगडाने वाजवायचा. आमचं घर अलीकडे चिंचेखाली, पत्र्याचं, आणि आईला चुलीपुढे बसल्या बसल्या नुसत्या ठोक्यावरून कळे की पलीकडे कोण उभं आहे. भाजीवाले घाईघाईने बडवत. शाळेचे गुरुजी एकदाच वाजवत आणि मग आपणच खोकत, जणू रूळ वाजवल्याची माफी मागत होते. मोटारवाले रूळ वाजवत नसत, हॉर्न वाजवत. रूळ वाजला तर बापू हातातला घास ताटात टाकून उठायचे. हॉर्न वाजला तर भाकरी संपवून, वर ताक मागून, ताक आंबट असल्याबद्दल आईशी दोन शब्द बोलून मग उठायचे. घरात खायला नदी होती. मरळ, वांब, शेंगाळा, जे जाळ्यात येईल त्याचं लालभडक कालवण आणि ज्वारीची भाकरी. शेजारच्या गुऱ्हाळातून काकवी यायची ती आम्ही पोरं बोटांनी चाटून संपवायचो. आज माझी सून शेंगाळ्याला 'कॅटफिश' म्हणते आणि तो खात नाही. हल्लीचा तो नदीतला असेल तर तिचं बरोबरच आहे.

आता खरी गोष्ट. तराफ्यावर माणूस फार बोलतो. का कोण जाणे, पण पायाखाली पाणी आलं की माणसाला वाटतं आपल्याला कुणी ऐकत नाही. दोन भाऊ जमिनीचं बोलायचे, सासवा सुनांबद्दल बोलायच्या, पुढारी तर काय, जे बोलत नसत ते फक्त बैल. आणि तार ओढणारा माणूस तर कुणाला दिसतच नसे. माझ्या आजोबांनी म्हणे एकदा असंच काही ऐकलेलं काठावर येऊन सांगितलं. दोन घरं एकमेकांच्या जिवावर उठली. मग पलीकडच्या लोकांनी ठरवलं, या भोयाच्या नावेत पाय ठेवायचा नाही. सबंध एक हंगाम तराफा चिंचेला बांधलेला राहिला आणि पलीकडची भाजी मंडईला न जाता शेतात सडली. शेवटी आजोबांनी दोन्ही काठांच्या लोकांसमोर ओंजळीत नदीचं पाणी घेऊन शपथ वाहिली: पाण्यावरचं पाण्यावर. तराफ्यावर जे कानी पडेल ते आमच्या घरातला माणूस जमिनीवर बोलणार नाही. बापूंनी ती शपथ वारशाने घेतली. वारशात दुसरं काही नव्हतंच.

बापू ती इतकी कडक पाळत की त्यांच्यासारखा कंटाळवाणा बाप मांजरीत नव्हता. दिवसभर जगाच्या भानगडी कानांवर घेऊन हा माणूस घरी यायचा आणि जेवताना सांगायचा, "आज वारं हुतं." एकदा पलीकडची एक मुलगी एका मुलाबरोबर पळून गेली, ती आमच्याच तराफ्यावरून. पुढच्याच खेपेला मागावर तिचा बाप आला. बापूंनी त्याला काही सांगितलं नाही, फक्त त्या दिवशी तार फार जड चालली. हे मला त्या मुलीनेच, बापाकडून ऐकलेलं, सांगितलं, पुढे बऱ्याच वर्षांनी मंडईत मेथी निवडताना भेटली तेव्हा. बापू असते तर म्हणाले असते, आज वारं हुतं.

आणि मग माझ्या लग्नाचं निघालं. ते काढलं गजामामाने. गजामामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो शहरात पेठेत खोली घेऊन राहायचा, कुठल्याशा कचेरीत कारकून होता आणि शनिवार-रविवार आम्हाला सुधारायला मांजरीला यायचा. शहरात गेल्यापासून तो 'हाय'चं 'आहे' करून बोलायचा आणि आम्हालाही करायला लावायचा. मी मॅट्रिक झाले होते. मामाच्या मते यापुढे शिकवलं तर नाकापेक्षा मोती जड व्हायचा. त्याने स्थळ आणलं: मुलगा सरकारी नोकरीत, वडील त्याच खात्यातून निवृत्त, त्यांना सगळे दादासाहेब म्हणत. आमच्याच जातीतले, पण दोन पिढ्यांपूर्वी नदी सोडून नगर रस्त्याला बंगला बांधलेले.

"त्यास्नी आमचा धंदा सांगितलास ना?" आईने विचारलं.

"सांगितला म्हणजे काय, व्यवस्थित सांगितला," मामा म्हणाला. "म्हटलं, दाजी ट्रान्सपोर्टमध्ये आहेत."

खोटं म्हणता येईना. मामाने बापूंना धुतलेलं धोतर नेसून, कोट घालून आणि फेटा बांधून घरात बसायची सूचना दिली. तेवढ्या दिवसापुरता तराफा दगडूकाकाने ओढावा. आणि पाहुण्यांना रस्ता कोणता सांगावा? तर मामाने अगदी प्रेमाने सांगितलं होतं, वळसा कशाला घालता, नदीवर तराफा आहे, थेट मुलीच्या दारात उतरवतो. शहरी बुद्धी म्हणतात ती ही.

ठरल्या दिवशी पलीकडे हॉर्न वाजला. फेटा बांधलेले बापू उठले. मामा आडवा आला. "दाजी, आज आपण नाही जायचं."

"मोटार हाय," बापू म्हणाले. त्यांनी फेटा काढून खुंटीला अडकवला, कोट-धोतर उतरवलं, रोजचा पंचा नेसला, उन्हासाठी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि गेले. मामाने कपाळाला हात लावला. पण बापूंनी त्याचाही विचार केला होता. पाहुण्यांना उतरवून, गाडीला वरच्या वाटेने लावून, ते मागच्या बांधावरून धावत घरी आले, हातपाय धुतले, धोतर, कोट, फेटा. दादासाहेब, त्यांची बहीण म्हणजे मुलाची आत्या, आणि मुलगा असे तिघे आत आले तेव्हा आमचे ट्रान्सपोर्टवाले बापू खुर्चीत बसले होते. दादासाहेबांनी दोन्ही हात जोडून त्यांना नमस्कार केला. "आपल्या भेटीचा फार दिवसांचा योग होता," म्हणाले. ओळखलं नाही. तिघांतल्या एकानेही ओळखलं नाही. आताच याच माणसाने त्यांना 'इथं उभं ऱ्हावा, तिथं उभं ऱ्हावा' केलं होतं, त्याच्या हाताला धरून आत्याबाई फळीवरून उतरल्या होत्या. पण तार ओढणाऱ्याच्या तोंडाकडे कोण बघतं. मला तेव्हा त्याची गंमत वाटली.

बघण्याचा कार्यक्रम रीतसर झाला. पोहे झाले. मला चालून दाखवायला लावलं, बहुधा पाय दोनच आहेत याची खात्री करायला. आत्याबाईंनी केस खरे आहेत का ते ओढून पाहिलं. मुलाने मला काही विचारलं नाही, पण एकदा बशी ठेवताना बघून हसला. गोरा होता, केस वळणदार होते, आणि हसताना खाली बघायचा. मला आवडला. आता या वयात खोटं कशाला बोलू, चांगला आवडला. रात्रभर मी बंगल्याच्या गॅलरीत उभी होते, मनातल्या मनात.

पाहुणे त्या दिवशी पुण्यात काम होतं म्हणून वळशानेच परत गेले होते. दोन-चार दिवसांत मामा पेढे घेऊन आला. मुलगी पसंत होती. आईने देवापुढे साखर ठेवली आणि बापूंकडे बघितलं. बापू म्हणाले, "नको."

"काय नको?"

"हे लगीन नको."

"का?"

बापूंनी पेढाही घेतला नाही. उठून काठावर गेले आणि तारेला ग्रीस लावत बसले. तारेला आदल्याच दिवशी लावलं होतं.

त्यानंतर आमच्या घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडणाला दोन माणसं लागतात. आई एकटीच भांडत होती. हुंडा जास्त मागितला का, नाही. घराणं वाईट का, गप्प. पोरगा व्यसनी का, गप्प. "अवं, हो म्हणायला कारण लागत न्हाय, पण न्हाय म्हणायला लागतं," आई म्हणायची. "भिताड सुद्धा पोपडा टाकतंय, तुमी तेवढं बी करंनासा." मग तिने कालवणात मीठ घालायचं सोडलं. बापू अळणी कालवण निमूट जेवायचे. मामाने शहरी निदान केलं. तो म्हणाला, दाजींना जावई आपल्यापेक्षा वरचढ झालेला सोसवत नाही, ही मानसिकता असते. आणि मी? मी बापूंशी बोलणंच टाकलं. ज्या बापाने मी पाण्यात पडू नये म्हणून मला पहिली पाच वर्षं कंबरेला दोरी बांधून वाढवलं, त्याला मी पाणीसुद्धा विचारीना. मला तो माणूस माझ्या जन्माचा वैरी वाटत होता. त्यांच्याही जिवाचं पाणी होत होतं. ते तेवढ्या दिवसांत वाळले, रात्री अंथरुणावर बसून राहायचे. पण तोंड उघडत नव्हते, आणि तोंड न उघडणाऱ्या माणसाची कुणाला दया येत नाही.

आईने शेवटी आपल्या जबाबदारीवर निरोप धाडला: या, सुपारी फोडू. सुपारी फुटली की शब्द गेला. मग मुलगी परत मागायची म्हणजे दोन्ही घरांची अब्रू चव्हाट्यावर. बापूंना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कवा?"

सुपारीच्या दिवशी सकाळी नवं लुगडं नेसून आई, नवी साडी नेसून मी आणि इस्त्रीचा सदरा घालून मामा, असे आम्ही तयार होऊन बसलो होतो. बापूही तयार होते. कोट, फेटा, सगळं. ते दारात येऊन म्हणाले, "चला. तिघं बी तराफ्यावर चला."

"आमचं काय काम पलीकडं? पाव्हणं हितंच येत्यात," आई म्हणाली.

"पलीकडं जायाचंच न्हाय."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की आई उठली. मामाला पाण्याची भीती. तो तराफ्याच्या अगदी मध्यावर, दोन्ही हातांनी फळी धरून बसला आणि कोणी विचारलं नसताना म्हणाला की त्याला ऊन लागतंय. दगडूकाकाला बापूंनी काठावरच ठेवलं. एकट्याने तार ओढत तराफा मधोमध आणला आणि हात थांबवले. पाणी फळ्यांखालून जाताना कसं बोलतं ते मी तेव्हा किती दिवसांनी ऐकलं.

"आता सांगतो," बापू म्हणाले. "म्या जिमिनीवर सांगू शकत न्हाय, तुमास्नी ठावं हाय. हे पाणी हाय. हितं ऐकलं, हितंच सांगतो."

मग त्यांनी सांगितलं. बघायला आले त्या दिवशी, इथेच, या फळ्यांवर, आत्याबाईंनी भावाला विचारलं होतं, पहिलीचं यांना काही कळलं नाही ना? दादासाहेब म्हणाले होते, कळतंय कशाला, ती तिच्या बापाकडे पडली आहे, मूल होत नाही म्हटल्यावर ठेवून काय करायची. फारकत? फारकत कसली, कागद करायला गेलं की बोभाटा होतो, ती काय परत येत नाही. ही एकदा घरात आली की आपोआप गप्प बसेल, सगळ्याच बसतात. आणि मुलगा? "पोरगं भांग नीट करत हुतं," बापू म्हणाले. "पाण्यात बघून."

 आईने वाकून नदीचं पाणी घेतलं, तोंडावर मारलं आणि म्हणाली, "एवढंच करायचं हुतं तर पैल्याच दिशी मला हितं आणायला काय झालं हुतं?"

बापूंनी मान खाली घातली. "सुचलं न्हाय," म्हणाले. "काल सुचलं."

इतके दिवस अळणी खाल्लेला माणूस. मला हसू आलं आणि त्याच हसण्याचं रडणं झालं. त्या मुलासाठी मी रडले नाही. त्या वळणदार केसांची मला किळस आली होती. मला रडू आलं ते बापूंकडे बघून, आणि दुसऱ्या कुठल्या तरी घरात बापाकडे 'पडलेल्या' त्या बाईसाठी, जिचं नावसुद्धा आत्याबाईंनी घेतलं नव्हतं.

"पण मी चौकशी केली होती," मामा फळी न सोडता म्हणाला.

"कुणाकडं?" आईने विचारलं.

"त्यांच्याचकडे."

तेवढ्यात पलीकडे हॉर्न वाजला. लांब, तोऱ्याचा. आई उठून उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "न्या पलीकडं. घ्या त्यास्नी."

"काठावर काय बी बोलायचं न्हाय," बापू म्हणाले.

"काठावर कोण बोलतंय?"

पलीकडे मोटारीत नारळ, ताट, शालू असा सगळा सरंजाम होता. मुलीचा बाप स्वतः फेटा बांधून तार ओढत आलेला बघून दादासाहेब जरा चरकले. "अहो, आपण स्वतः?" म्हणाले. "माणसं नाहीत का आपल्याकडे?" बापू "व्हय" एवढंच म्हणाले, ते कशाला होतं ते दादासाहेबांनी विचारलं नाही. गाडी चढली, चाकांना दगड लागले, मंडळी उतरून उभी राहिली. नदीच्या मध्यावर तराफा पुन्हा थांबला.

"पहिली कशी हाय?" आईने विचारलं. अगदी शेजारणीची विचारपूस करावी तसं.

आत्याबाई म्हणाल्या, "कोण पहिली?"

बापूंनी फेटा काढून तारेवर ठेवला आणि खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळला. मग त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. आता मात्र तिघांनीही त्या तोंडाकडे बघितलं, नीट, वेळ घेऊन. दादासाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माणूस हुशार, लगेच सावरले. "हा विश्वासघात आहे," म्हणाले. "चार माणसं खासगी बोलतात, ते तुम्ही ऐकायचं नसतं."

"ऐकू येतं, त्याला काय करू?" बापू म्हणाले. "सांगत न्हाय. म्हणून तर हितं बोलतुया. काठावर गेल्यावर आमी कुणी शब्द काढणार न्हाय. तुमची झाकली मूठ तशीच ऱ्हाईल."

मुलगा पहिल्यांदाच बोलला. खाली बघतच. "मी सांगणार होतो," म्हणाला.

"कवा, बारशाला?" आई म्हणाली.

 बापूंनी तार उलटी ओढायला घेतली. आणि आता ते लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते काढा: तराफा वळत नाही. गाडी ज्या काठावरून तोंड पुढे करून आली होती, त्याच काठावर आता तिला पाठ पुढे करून उतरायचं होतं, वर चिखलाची चढण. ड्रायव्हरला घाम फुटला. मागची चाकं गरगर फिरली आणि चिखल उडाला तो समोर गाडी ढकलायला वाकलेल्या गजामामाच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर. मामा का ढकलत होता कुणास ठाऊक. बहुधा स्थळ त्याने आणलं होतं, तर परत लावायची जबाबदारीही आपलीच असं त्याला वाटलं असावं. दादासाहेबांनी जाताना खिशात हात घातला. काही झालं तरी माणूस रीतीचा.

"ऱ्हाऊ द्या," बापू म्हणाले. "अर्ध्या पाण्याचं भाडं आमी घेत न्हाय."

आता पुढचं ऐका, कारण आमचं पुण्य इथेच संपलं. शपथ पाळायची तर काठावर कुणाला काही सांगायचं नाही. गावाने बघितलं ते एवढंच: सुपारीला आलेली गाडी आल्या पावली उलटी गेली. मग गावाने विचार केला, आणि गाव विचार करतं तेव्हा मुलीचं काही खरं नसतं. कुणी म्हणे अंगावर डाग आहे, कुणी म्हणे फेपरं येतं. आई पाण्याला गेली की बायका गप्प व्हायच्या. आम्ही तोंड उघडलं नाही. पुढे बराच काळ मला स्थळच आलं नाही, त्यामुळे सुंठीवाचून खोकला गेला आणि मला मास्तरणीच्या कोर्सला घालण्यात आलं. महापालिकेच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं, पुढे एका मुकाट्याने चहा करणाऱ्या भल्या माणसाशी लग्नही केलं. तेव्हा गावाच्या तोंडाचे माझ्यावर उपकारच आहेत, ते मी विसरलेले नाही.

पण वर्षभराच्या आत मामाने बातमी आणली की त्या मुलाचं लग्न झालं. लांबच्या गावची मुलगी, धूमधडाक्यात. मधे नदी नव्हती, किंवा असेल तर पूल असावा.

बापूंच्या म्हातारपणी आमच्याकडेही पूल झाला. तराफा ओढून चिंचेखाली वर काढला आणि बापू दिवसभर त्या कोरड्या फळ्यांवर बसून पुलावरच्या गाड्या बघायचे. एकदा सुट्टीत मी त्यांच्याशेजारी बसले होते. विचारलं, "बापू, तुम्हाला सुचलंच नसतं तर? आणि सुपारी फुटली असती तर?"

"म्या गप्पच बसलो असतो," ते म्हणाले. मला वाईट वाटलं ते त्यांना दिसलं असावं. "पर लग्नाला जाताना तू तराफ्यावर चढलीच असतीस की. तुला पलीकडच्या काठाला लागू दिली नसती. सोडली असती तार. जाऊ दे कुठं जायाचं ते."

तार सोडली म्हणजे तराफा, वऱ्हाड, मोटार आणि बापू, सगळं नदीच्या स्वाधीन. हे त्यांनी आज वारं हुतं म्हणावं तितक्या साधेपणाने सांगितलं.  मग मी दुसरं विचारलं, जे इतकी वर्षं विचारायचं होतं. म्हटलं, "आणि ती लांबच्या गावची?"

बापू पुष्कळ वेळ फळीवरून हात फिरवत राहिले. "तिचा बाप हितनं गेला न्हाय, त्याला पाण्यावर कसं सांगनार," म्हणाले. आणि मग म्हणाले, "म्या जायाला पायजे हुतं. चुकलं माझं." आयुष्यात बापूंनी पाण्यावरची एवढी एकच गोष्ट जमिनीवर बोलून दाखवली. त्या वर्षीच ते गेले.

त्या दोघींची नावं मला आजही माहीत नाहीत. एक बापाकडे परत पडलेली, एक तिच्या जागी गप्प बसवलेली. आमची शपथ फार पवित्र होती, तिने मला वाचवलं आणि त्यांच्यापैकी कुणालाच नाही. म्हणून हे एकदा लिहायचं होतं. पण मीही त्याच घरातली, जमिनीवर हात चालेना. घरी टेबलापाशी बसले की कागद कोरा. अकरावा मजला कितीही रिव्हर व्ह्यू असला तरी जमिनीतच रोवलेला.

सुचलं मलाही उशिराच, बापाची मुलगी. गुडघ्याच्या व्यायामाला रिक्षाने नदीपलीकडे जावं लागतं आणि त्या पुलावर, बापूंच्या तारेपासून हाकेच्या अंतरावर, रोज वाहतूक अशी तुंबते की तेवढ्यात बापूंनी आख्खं वऱ्हाड पार करून वर ताक मागितलं असतं. हे सगळं प्रकरण मी तिथे, थांबलेल्या रिक्षात बसून, थोडं थोडं करून लिहिलं आहे. खाली पाणी आहे. निदान जलपर्णीखाली असावं.

आज रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "आजी, रोज काय लिहिता एवढं? काही सीक्रेट आहे का?"

मी म्हटलं, "आहे. गाड्या हलायच्या आत ऐकून घे. काठावर विचारलंस तर सांगणार नाही."

त्याने इंजिन बंद केलं.